कचरागाडी, दोन कुत्री आणि तुझे बाबा

प्रिय आ-रोंग,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहोत. काल फोनवर बोललो आणि आज पोस्टाने पत्र, म्हणजे आईचं डोकं फिरलं असंच तुला वाटेल. का लिहिलं ते सांगतेच, पण आधी तुझ्या लाडक्याचे प्रताप ऐक. बेटावर जाताना तू काय म्हणाली होतीस? "थोडे दिवस सांभाळ गं आई, तोफू अगदी गरीब आहे." या गरिबाने माझी चप्पल खाल्ली, समोरच्या छाइ वहिनींचा झाडू खाल्ला, आणि सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला पूर्वजांपुढे ठेवलेली अख्खी उकडलेली कोंबडीही पळवली. उदबत्ती अर्धीसुद्धा जळली नव्हती. आम्ही नमस्कार करून डोळे उघडले तर ताटात नुसती कोथिंबीर. आपला म्हातारा कुत्रा लाइफू बाजूला साधूसारखा बसला होता, पण त्याच्या हनुवटीखाली तंगडी होती. म्हणजे चोरी एकाची आणि वाटणी दोघांची.

मी तर हबकलेच. पूर्वजांचं जेवण झालं का, हे कौल लावून विचारल्याशिवाय आपण ताट हलवत नाही, आणि इथे ताटच रिकामं. तुझ्या बाबांनी लाकडाच्या त्या दोन चंद्रकोरी हातात घेतल्या, आजीच्या तसबिरीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "आई, तुझ्या आधी कुत्री जेवली. रागावलीस का?" दोन्ही कोरी उताण्या पडल्या. हसरा कौल, म्हणजे आजीला हसू आलं! बाबा स्वतःच इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. तोफूचा कान धरून म्हणाले, "चोरा, आजीने सोडलं म्हणून वाचलास." आणि आम्ही अंडी घालून शेवया खाल्ल्या. कोंबडीवरूनसुद्धा राग न धरणारा हा माणूस आहे, एवढं तू ध्यानात ठेव.

कारण काल फोनवर तू पुन्हा तेच विचारलंस. "बाबा अजून रागावलेत ना? माझा आवाज ऐकला की लगेच फोन तुझ्या हातात देतात." मी "तसं नाही गं" म्हणाले आणि विषय बदलला. तू बँकेतली नोकरी सोडून जावईबापूंबरोबर पेंगहू बेटावर पाहुण्यांसाठी घर चालवायला निघालीस, तेव्हा ते बोलले होते, ते मी नाकारत नाही. "समुद्राच्या मधोमध खानावळ! वादळात कोण येणार, मासे?" असं म्हणाले होते. पण ते एका संध्याकाळचं बोलणं. तुला लागलं ते वेगळंच, मला ठाऊक आहे. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी तू माहेरी आलीस. बाबा खाली वर्कशॉपमध्ये पाठमोरे बसून संत्री सोलत होते. तू दारात उभी राहून म्हणालीस, "बाबा, मी तुम्हाला दुखावलं असेल तर माफ करा." त्यांनी मान वळवली नाही. मी जिन्यातून बघत होते. तू दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलीस, आणि मी त्यांच्याशी अबोला धरला. चांगला कडकडीत अबोला. पण आ-रोंग, तो त्यांच्या लक्षातच आला नाही. तेव्हा मी म्हटलं, किती हा कोरडा माणूस!

आता कचरागाडीचं सांगते. आपल्या गल्लीत संध्याकाळी गाडीवरचं ते पियानोचं गाणं वाजायला लागलं की तोफू गळा काढतो, लाइफू खर्जात साथ देतो, आणि बाबा लगेच उठतात, "चला, गाडी आली!" दोन्ही हातांत पिशव्या, पायांत कुत्री. छाइ वहिनी रोज म्हणतात, "आले बघा बँडबाजावाले!" मागच्या आठवड्यात तोफूने तिथून कुणाची तरी रद्दीची पिशवी पळवली आणि अख्खी गल्ली त्याच्यामागे धावली. मला वाटायचं, या वयात काय हे कुत्र्यांचं वेड! शेजारी बसवून जेवतात, आंघोळीला जाताना लाइफूला दाराशी बसवतात.

पण ती कोंबडीची हाडं दोघांनाही बाधली. डॉक्टरांनी दोघांना एक दिवस ठेवून घेतलं. त्या संध्याकाळी मी वर गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. गाडी अगदी आपल्या दारापुढे येऊन वाजत होती. मी वरून ओरडले, "अहो, गाडी!" दोनदा ओरडले. शेवटी धावत खाली आले, तर बाबा टेबलाशी बसलेले, बांधलेल्या पिशव्या पायाशी, आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर. मला बघून म्हणाले, "आज गाडीला उशीर झाला वाटतं." गाडी तेव्हा कोपऱ्यावरून वळत होती, गाणं अजून घरात येत होतं.

मी त्यांच्यासमोर बसले. माझा चेहरा बघून त्यांना कळलं की मला कळलंय. सगळा जन्म लेथ मशीनशेजारी काढला, डावा कान केव्हाच गेला होता, उजवा गेल्या वर्षात गेला. दारावर कोण आलं, किटली कधी शिटी मारते, गाडी कधी येते, सगळं ते कुत्र्यांच्या कानांवरून ओळखत होते. आणि मी, रोज त्यांच्याबरोबर जेवणारी, म्हणत होते की म्हातारा हट्टी झालाय. फोनवर तुझा आवाज त्यांना नुसता गुणगुणल्यासारखा येतो. म्हणाले, "हं हं करून किती दिवस काढू? पोरीने काही मोठं विचारलं आणि मी भलत्यालाच हो म्हणालो तर?" मग मला दटावलं, "फोनवर तिला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. हातातलं काम टाकून धावत येईल." मी शब्द दिला.

शब्द फोनचा दिला, पत्राचा नाही. म्हणून हे पत्र. आणखी एक सांगायचंय, तेच खरं. कुत्री घरी आल्यावर मी त्यांना नववर्षाची गोष्ट विचारली. ते गोंधळले. "आ-रोंग दारात आली होती? केव्हा? काय म्हणाली?" मला तुझं वाक्य ओरडून सांगावं लागलं, इतकं की समोरून छाइ वहिनी बाहेर आल्या. बाबा तोफूच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आणि मी संत्री सोलत बसलो?" त्यांचे डोळे भरून आले होते, लग्नात तुझी गाडी निघाली तेव्हासारखे. म्हणाले, "तिने कसली माफी मागायची! मी ते मासेबिसे बोललो, ते माझं चुकलं, हे तिला सांगायचं राहून गेलंय." तर पोरी, चंद्राच्या सणाला दोघंही या. आलीस की दारातूनच बोलू नकोस. तोफूच्या अंगावर उड्या मारून होऊ देत, मग बाबांच्या अगदी समोर बस, त्यांना तुझे ओठ दिसतील अशी, आणि तेच वाक्य पुन्हा म्हण. या वेळी त्यांना उत्तर द्यायचंय.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई