नामदेमुनचा फोटो

ट्रॉय, मिशिगन
२२ नोव्हेंबर २००२

विमानतळावरच्या इमिग्रेशन अधिकारी काकांस,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहितोय.

सोलला कशाला गेला होतास, असं तुम्ही विचारलंत. ऑफिसच्या कामाला, म्हणालो. ते खरंच होतं. पण तुम्ही पुढे नोकरीचं विचारू नये, म्हणून मी राजवाडे सांगत सुटलो: सिंहासनाचा दरबार, लाल झग्यातले पहारेकरी, तळ्यातला मंडप. "नामदेमुनची जुनी वेस पाहिलीस?" म्हणत तुम्ही हसलात. विशीत तुम्ही तिथे, कोरियात, अमेरिकन सैनिक होतात. माझ्या कॅमेऱ्यातला त्या वेशीसमोरचा माझा फोटो बघून तुम्ही एक प्रिंट मागितलीत, पत्ता लिहून दिलात आणि पासपोर्टवर शिक्का मारलात.

त्या फोटोत मी हसतोय. तासाभरानं हॉटेलवर मॅनेजरचा फोन आला. प्रोजेक्ट कॅन्सल, परत आलास की लॅपटॉप जमा कर. नोकरी गेली की आमचा व्हिसाही जातो, काका. पण बाहेर माझी सातव्या महिन्यातली बायको शिवांगी घ्यायला आली होती. म्हणून तुमच्यापासून ते लपवलं.

तिलाही अजून सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि लायब्ररीच्या पार्किंगमध्ये बसून राहतो. मागे पोलिसांची गाडी दिसली तरी पुढच्याच गल्लीत वळतो.

आज घरी आलो तर टेबलावर तुमच्यासाठी काढलेली प्रिंट आणि तुमच्या पत्त्याची चिठ्ठी नव्हती.

"मीच पोस्ट केली," शिवांगी म्हणाली. "किती दिवस ठेवणार होतास? थँक्यू म्हणायला फोन करतील, म्हणून तुझ्या ऑफिसचा नंबर दिलाय. दिवसभर तू तिथेच असतोस ना?"

काका, त्या नंबरवर फोन करू नका.

तुम्ही हसून आत सोडलेला,
निमिष बोबडे