घरगाडीची कोरडी आंघोळ

लातूर, गुरुवार

तीर्थस्वरूप रामलिंग मामा आणि मल्लम्मा मामी यांच्या पायांवर डोकं ठेवून लातूरच्या शिवलिंगाचा शरणार्थ.

आम्ही सगळे इकडं खुशाल आहोत. मामींच्या गुडघ्याला भोकरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी आराम पडला का? तुमच्या कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? सहस्रकुंडाच्या धबधब्याला पाणी सुटल्याचा फोटो इथल्या पेपरात आला होता. आईनं तो कात्रीनं कापून देवघराशेजारी चिकटवलाय. (घरात देव कमी पडले म्हणून नाही. एवढं पाणी एका जागी दिसलं की लातूरच्या माणसाचे हात आपोआप जोडले जातात.) आमच्या नळाला आज नववा दिवस आहे. उद्या येईल असं म्हणतात, म्हणजे परवा येईल.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण असं की तुमच्या ताईचं वय अठ्ठ्याहत्तर असलं तरी कान अठरा वर्षांचे आहेत. मी गॅरेजात फोनवर बोललो तरी ती घरात उत्तर देते. आणि मला जे सांगायचंय ते तिच्या माघारी सांगायचंय. तुम्ही तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात, तेव्हा शुद्धलेखनाकडं जरा काणाडोळा करावा. मागच्या पत्राला उत्तर येण्याऐवजी तेच पत्र लाल शाईत रंगून परत आलं होतं.

तर मामा, मी एक घरगाडी बांधलीय. टेम्पोच्या बॉड्या बांधण्यात माझी बावीस वर्षं गेली हे तुम्हाला ठाऊकच आहे. दिवाळीच्या सुमारास एका शाळेनं आपली जुनी मिनीबस मोडीत काढली, ती मी आणली आणि तिच्यात पलंग, शेगडी, कपाट, पंखा असा संसार थाटला. गल्लीत नाही नाही त्या वावड्या उठल्या. समोरचे मारोतीकाका (रिटायर होऊन खुर्ची टाकून बसतात, गल्लीचं वर्तमानपत्र तेच) म्हणाले, शिवा वडापावची गाडी काढतोय. दुसऱ्यानं सांगितलं, इलेक्शनचा प्रचार आहे. मी कुणालाच काही बोललो नाही. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

करिश्माच्या लग्नाला सख्खी आत्या आली नाही म्हणून तुम्ही सहा वर्षं रुसून आहात. रुसणारच. ‘आईचे गुडघे धरलेत’ असा निरोप मीच दिला होता आणि तो साफ खोटा होता. आई निघाली होती, मामा. मी बरोबर होतो. तेव्हा तिला नुकताच तो त्रास सुरू झाला होता, दर अर्ध्या तासाला जावं लागायचं. पण बाईमाणसानं हे कुणाला सांगायचं? लोह्याच्या पुढं तिनं मला दोनदा कोपरानं ढोसलं. मी ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, आता नांदेड आलंच की. नांदेड यायला पाऊण तास लागला. पुढचं लिहीत नाही. स्टँडवर उतरल्यावर तिनं पदर घट्ट लपेटून घेतला आणि एवढंच म्हणाली, “शिवा, परत चल.”

त्या दिवसापासून तिनं लातूरची वेस ओलांडलेली नाही. कुणी बोलावलं की गुडघे पुढं करते. (गुडघे ठणठणीत आहेत. परवाच स्टुलावर चढून माळ्यावरचं लोणचं काढलं.) लोक आधी घर बांधतात आणि मग संडास काढतात, मी म्हणूनच गाडीत आधी संडास बसवला आणि उरलेल्या जागेत घर केलं.

काम झाल्यावर आईला दाखवायला नेलं. तिनं सगळं बघितलं. संडासाची कडी तीन वेळा आतून लावून पाहिली. तिसऱ्यांदा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. मग खाली उतरून तिनं पत्र्यावर बोटानं रेघ ओढली. आठ महिने गाडी लिंबाच्या झाडाखाली उभी होती आणि त्या लिंबावर सगळ्या लातूरचे बगळे झोपायला येतात, हे सांगायचं राहिलं.

“असल्या गाडीत मी माहेरी जायची न्हाई,” आई म्हणाली. “लोक म्हणतील, गुरम्मा कचऱ्याच्या गाडीतून आली.”

“उद्या धुतो की.”

“कशानं?”

“पाण्यानं. मग काय दुधानं?”

“थेंब लावायचा न्हाई.”

तुम्हाला आठवत असेल, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली आई घागर घेऊन चार-चार तास रांगेत उभी राहिलेली आहे. त्या दिवसांत कोपऱ्यावर एकजण पाइप लावून जीप धुताना तिला दिसला, तर तिनं भर रस्त्यात त्याला असा झाडला की तो बिचारा अर्धी जीप धुवायची ठेवून पळाला. तेव्हापासून आमच्या घरात पाण्यानं गाडी धुणं म्हणजे महापाप. आता माझी पंचाईत बघा. गाडी लख्ख पाहिजे आणि पाणी लावायचं नाही.

यातून वाट काढली तुमच्या सूनबाईनं, आमच्या दीपमालानं. ती घरीच पार्लर चालवते, त्यामुळं बाटल्यांतलं तिला फार कळतं. तिनं मोबाइलवर शोधून सांगितलं की बिनपाण्याचं गाडी धुवायचं औषध मिळतं. फवारायचं, जरा थांबायचं, मऊ फडक्यानं पुसायचं, झालं. बाटली आली. तिच्यावर एका चिमुकल्या लाल कारचं चित्र होतं, ती कार जन्मात कधी धुळीत गेली नसावी. आमची गाडी वीस फुटी. मी सकाळी देवाचं नाव घेतलं, फवारलं आणि खसाखसा घासायला लागलो.

मळ गेला नाही, मामा. मळ नुसता इकडचा तिकडं गेला. खाली माती, वर औषध, त्यावर माझा जोर. डाव्या बाजूवर कुळव फिरवल्यासारखे चरे उमटले. मारोतीकाका खुर्चीतून म्हणाले, “शिवा, गोचिडाचं औषध मारून राहिला का रे?” दीपमाला धावत आली, माझ्या हातातलं फडकं हिसकावून घेतलं आणि बाटलीमागचं बारीक इंग्रजी वाचून दाखवलं. आधी धूळ फुंकून काढायची, वाळलेल्या चिखलाला हात लावायचा नाही, फडक्याच्या आठ घड्या घालायच्या, दर पुसण्याला नवी घडी, आणि एकाच दिशेनं जायचं. म्हणाली, “चेहरा घासायचा नसतो, टिपायचा असतो.” बावीस वर्षं मी पत्रा ठोकतोय, पण पत्र्याला चेहरा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

बाटली पाव गाडीलाच संपली. मग मोठा कॅन मागवला. त्याच्यावर लिहिलेलं मी आधीच वाचायला पाहिजे होतं, पण उत्साह होता. त्यात लिहिलं होतं, एक झाकण औषध एक बादली पाण्यात मिसळावं. बिनपाण्याच्या औषधाला बादलीभर पाणी! (हे म्हणजे उपासाला चालणारं मटण झालं.) आईपुढं बोलायची सोय नव्हती. दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी पार्लरच्या एसीच्या नळीखाली बादली ठेवली. थेंब थेंब करून दीड दिवसात भरली. ती घेऊन आईसमोर उभा राहिलो. तिनं बादलीत वाकून बघितलं, वास घेतला आणि निवाडा दिला, “हे पाणी कुणाच्या तहानेचं न्हाई. घे.” सुप्रीम कोर्टातून सुटलेल्या माणसाला काय वाटत असेल ते मला त्या क्षणी समजलं.

मग मात्र काम सुरेख झालं. उजवी बाजू आरशासारखी निघाली. मी इतका हुरळलो की टपावर चढून तिथंही औषध मारलं. त्या औषधात मेण असतं आणि मेणावर माणूस थांबत नाही, हे ज्ञान मला टपावरून शेजारच्या बांधकामाच्या वाळूत येईपर्यंत झालेलं होतं. लागलं काही नाही. मारोतीकाका खुर्चीतून उठले, एवढीच मोठी घटना. तरीही अक्कल आली नाही, म्हणून उरलेलं औषध आतल्या रेक्झिनच्या बाकाला फासलं. बाक गाडीच्या लांबीएवढा. संध्याकाळी आईला आणि दीपमालाला बसवून औशाच्या रस्त्याला चक्कर मारली. मध्येच एक म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला, आणि आई बाकाच्या मागच्या टोकावरून सर्रकन घसरत पुढं दीपमालाच्या मांडीवर येऊन बसली. मागं वळून बघतो तर आई तोंडाला पदर लावून हसत होती. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. म्हणाली, “आणखी एकदा दाब की रे!” सहा वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, मामा. मी म्हशीला मनातल्या मनात नमस्कार केला. (बाकाला आता खरखरीत सतरंजी टाकलीय आणि धरायला दांडी बसवलीय, मामींनी काळजी करू नये.)

आता खरी गंमत ऐका. गाडी झाली, पण मागं मळकी फडकी उरली एकतीस. ती धुवायला पाच बादल्या पाणी लागलं. आई दारात उभी राहून मोजत होती. पाचवी बादली उपडी झाल्यावर म्हणाली, “शिवा, गाडी धुतली असती तर चार लागल्या असत्या.” मी मान खाली घातली. तिनं शेवटचं खळबळीचं पाणी उचललं आणि लिंबाच्या बुडाशी ओतलं. “यानंच बगळे बसवले,” म्हणाली, “यानंच प्यावं.”

पण मामा, हे सगळं ज्यासाठी लिहायला बसलो ते काल सकाळचं आहे. मी गॅरेजात गेलो तर आई माझ्या आधीच तिथं. हातात फडकं, आणि ती बसणार त्या बाजूची खिडकी पुसत होती. मी म्हणालो, आई, एकाच दिशेनं पूस. तर म्हणाली, “मला पुसायला शिकवू नको. तुला मी पुसलेलं हाय.” मग बराच वेळ नुसती काच पुसत राहिली. आरपार दिसायला लागलं तरी पुसत होती.

“नांदेडच्या स्टँडवरून जायचं का रे?” तिनं विचारलं.

मी म्हणालो, “नको, बाहेरच्या रस्त्यानं काढतो.”

“न्हाई. स्टँडवरूनच ने. मला उतरायचं न्हाई. नुसतं खिडकीतून बघायचंय.”

मी टायरची हवा तपासायला बसलो. (हवा भरपूर होती.)

तर येत्या सोमवारी सकाळी आम्ही निघतोय. ती म्हणेल तिथं थांबत येऊ, त्यामुळं इस्लापूरला पोचायला दुपार होईल की संध्याकाळ ते सांगता येत नाही. तुमच्या अंगणाचं फाटक दोन्ही झापांनी उघडं ठेवा, गाडी आठ फूट रुंद आहे. दाराला लागून उभी करू द्या, म्हणजे आईला लांब चालायला नको. मामींना सांगा, स्वयंपाकाची दगदग करू नका, शेगडी गाडीतच आहे. (आई ती पेटवू देणार नाही, ‘माहेरी येऊन आपलीच चूल?’ म्हणेल. तेव्हा स्वयंपाक कराच.)

मामींना शरणार्थ, करिश्माला आणि तिच्या लेकराला अनेक आशीर्वाद.

तुमचा भाचा,
शिवलिंग

ता. क. बिनपाण्याच्या औषधाची वर जी तारीफ केली ती सगळी खरी आहे. तरी पण हिमायतनगरच्या पुढं रस्त्याचं काम चालू आहे आणि तिकडं पाऊस झालाय असं कळतं. काळ्या मातीचा चिखल टिपून निघत नाही. तेव्हा तुमच्या विहिरीवरचा लांब पाइप तेवढा काढून ठेवावा. आईला सांगू नये.

ता. क. २. मुख्य विनंती ही. लग्नाला का आली नाहीस, असं आईला कृपा करून विचारू नका. मी सांगितलंय हेही कळू देऊ नका. नुसतं “ताई, ये” म्हणा. रुसवा काढायचाच असेल तर माझ्यावर काढा, लाल शाईनं काढा.

ता. क. ३. रामलिंगा, मी तुझी ताई लिहून राहिले. चौथी पास हाय, अक्षराला हसू नको. शिवानं पत्र पोस्टात टाकायला दीपमालाकडं दिलं, तिनं मला वाचून दाखवलं. पोरगी शहाणी हाय. लग्नाचं तू विचार. आल्या आल्या विचार. माझं मी सांगते, सहा वर्षं लई झाली. करिश्मासाठी घेतलेलं लुगडं घडी न मोडता तसंच हाय, तिला बोलावून घे. आणि पाइप काढून ठेव. शिवाला सांगू नको मी म्हणाले म्हणून. पोराचे हात पार सोलून निघालेत. तुझ्याकडं विहीर भरलेली हाय, एकदा त्याला पोटभर धुऊ दे.