साडेसातचं ‘जेवलास का?’

३ नोव्हेंबर
आज संध्याकाळी साडेसातला माझं आयुष्य बदललं. अमरनाथचा मेसेज आला, ‘जेवलास का?’
आख्ख्या मुरुम गावात मला हे फक्त आई विचारते, आणि तिच्या विचारण्यात ‘कामधंदा कधी बघणार’ असतं. ह्यात नव्हतं.
उत्तर पाठवलं: भाकरी, शेंगाचटणी, वांगं, ताक. तू?
त्यानं अंगठा पाठवला. लाजतो.

४ नोव्हेंबर
अमरनाथच्या उमरग्याच्या संस्थेनं गेल्या आठवड्यात इन्स्टावरचं पेज माझ्याकडं दिलंय. ‘तब्येतपाणी’. आपल्यासारख्या पोरांसाठी, तृतीयपंथीयांसाठी. एचआयव्हीची टेस्ट कुठं होते, गोळ्या कुठं मिळतात, सगळं. अमरनाथ म्हणाला, वीरभद्र, लोक दवाखान्याला भितात, निदान फोनवर तरी बोलू देत. तू स्वतःच टेस्ट कर, एक डिसेंबरला, एड्स दिनाला, लाइव्ह दाखवू. चेहरा नको, नुसतं बोट. मी छाती ठोकून हो म्हणालो.
महिन्यात पाच हजार फॉलोअर. आणि अमरनाथ.

७ नोव्हेंबर
पहिली पोस्ट: ‘भित्र्यांनो, टेस्ट करा! कसली लाज वाटते?’ एकेचाळीस फॉलोअर होते, एकोणतीस राहिले. कचरा गेला.
एकानं लिहिलं, असली थेरं आमच्या जिल्ह्यात चालणार न्हाईत. त्याला असं उत्तर दिलं की इन्स्टानं मलाच तीन दिवस बंद केलं. इन्स्टा त्यांना सामील आहे.
शिवलीलाक्काचा फोन. संस्थेतच असते, तृतीयपंथी, जीभ म्हणजे कात्री. म्हणाली, आरं, लोकांना दवाखान्यात बोलवायलास का कुस्तीला? जळते माझ्यावर.

१२ नोव्हेंबर
नळदुर्गहून कुणाचा तरी मेसेज. नाव नाही, फोटोत मोर. कॉलेजचं पोरगं असणार. विचारतो, दुखतं का भाऊ? मी लिहिलं, मुंगी चावल्यासारखं, शेळपटा. तर म्हणतो, तुमची कधी झाली?
ब्लॉक केलं. पेजवर पर्सनल प्रश्न चालत नाहीत.
तशी मला टेस्टची गरजच नाही. सोलापूरच्या हॉस्टेलवर जे झालं ते प्रेम होतं. एकच होता. चांगल्या घरचा. कॉलेज सोडण्याशी त्याचा संबंध नाही, प्राचार्यांना बोलायची रीत नव्हती.

१८ नोव्हेंबर
टेस्टला निघालो. एसटीला गर्दी. परत आलो.
साडेसात: ‘जेवलास का?’ रोज, न चुकता. आज सोमवार नसूनही उपास घडला होता, आईशी भांडून. चार पदार्थ लिहिले. त्याला वाईट वाटायला नको.

२४ नोव्हेंबर
सर्दी. सर्दीत रिपोर्ट चुकीचा येतो असं वाचलंय. बहुतेक माझ्याच पोस्टमध्ये. ती पोस्ट शिवलीलाक्कानं काढून टाकली, वर मोरवाल्याला परस्पर अनब्लॉक केलं. माझ्या पेजवर! भांडलो. म्हणाली, त्या माणसाला लई लागलंय तुझं बोलणं. तोंडाला झाकण लाव जरा.
राजीनामा देणार होतो. अमरनाथसाठी थांबलो.

३० नोव्हेंबर
मित्राचा वाढदिवस सांगून आईकडनं धपाटे करून घेतले. आज अमरनाथला मनातलं सांगायचं ठरलं होतं.
संस्थेत मिटिंग चालली होती. शिवलीलाक्का दारातच म्हणाली, ही तुझी मिटिंग न्हाय. मी तिला सारून आत. सतरंजीवर आठ-दहा जण.
साडेसात. सगळ्यांचे फोन एकदम वाजले. माझाही.
‘जेवलास का?’
कुणीच काही लिहिलं नाही. कुणी खिशातनं, कुणी पर्समधनं, एकीनं पदराच्या गाठीतनं गोळी काढली. पाण्याचा तांब्या फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. माझ्याकडं गोळी नव्हती. डबा होता.
शिवलीलाक्का हळू आवाजात म्हणाली, ‘गोळी घेतली का’ लिहिलं आन् घरच्यांनी फोन बघितला, तर? म्हणून हे. पेजसाठी तुझा नंबर घेतलेला, तो बी गेला ह्या यादीत. आन् तू रोज मेनू पाठवायलास!
अमरनाथ खाली बघून म्हणाला, सांगणार होतो. पण पहिल्या दिवशी तू भाकरी-चटणी लिहिलीस, वाटलं एकटा असशील. लिहू दे म्हटलं.
मी म्हणालो, मला माहीत होतं. मेसेज पोचतात का, तेवढं बघत होतो.
कोपऱ्यातला एक ड्रायव्हर, चाळिशीचा, झुपकेदार मिशा, डब्याकडं बघत म्हणाला, धपाटे हायत व्हय? मग म्हणाला, मोरवाला मीच. गेल्या आठवड्यात केली टेस्ट. गोळी बी सुरू झाली. खरंच मुंगीएवढंच दुखलं भाऊ. तुमची झाली का?
इथं ब्लॉकचं बटण नव्हतं.
डबा त्याच्याकडं सरकवला.

१ डिसेंबर, सकाळ
लाइव्ह रद्द. नेटचा प्रॉब्लेम असतो. फोन घरीच ठेवतोय, चार्जिंगला.
उमरग्यात जरा काम आहे, सरकारी दवाखान्याच्या बाजूला. शिवलीलाक्का स्टँडवर थांबणार आहे. तिचंही तिकडंच काम आहे म्हणे. खोटं बोलते.
आईनं आतनं विचारलं, जेवलास का? मी थांबून ऐकलं. त्यात कामधंदा नव्हता.
आल्यावर जेवतो म्हणालो. आता निघतो. दार बाहेरनं ओढून घेतो.