सभेआधी लिहिलेला निकाल

गुरुजी, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आणि आज मी तुम्हाला जिंकल्याची बातमी सांगतो आहे. निवडणूक नव्हे, ती परवा आहे. आपल्या बागायतदार सोसायटीच्या अध्यक्षपदाला माझा चुलतभाऊ, आमचा दादा, उभा आहे. समोर खालच्या आळीतला एक शिकलेला बागायतदार. नाक्यावर दोन्ही बाजूंचे खडूने लिहायचे बातम्यांचे फळे आहेत. आमचा मी लिहितो. गेल्या रविवारी शाळेच्या पटांगणात दोघांना समोरासमोर बसवून सवालजवाब ठेवले होते. आता आमची रीत ऐका, तुम्हाला हसू येईल. सभा संध्याकाळी, पण तिचा निकाल दोन्ही फळ्यांवर दुपारीच तयार, म्हणजे सभेला जाणारी माणसं तो वाचूनच पुढे जातील. मी लिहिलं, ‘दादांच्या बिनतोड उत्तरांनी विरोधक गप्प.’ समोरच्या फळ्यावरही हेच, फक्त गप्प बसणारा दुसरा.

पहिला सवाल आमच्याच आळीतल्या एका म्हातारीने केला. “आमच्या बावी खारट झाल्या रे. तुझ्या बावीचं पानी टँकरला जाते का नाय, तेवढं सांग.” दादा उठला, खाकरला आणि स्वतःच्या विहिरीचं सोडून राज्याच्या पाणीप्रश्नावर बोलू लागला. “राज्याचं ऱ्हावंदे बाबा, बावीचं बोल!” म्हातारीने टोकलं, आणि पटांगण खदखदून हसलं. दादा खाली बसला. समोरचाही काही चमकला नाही. खत वेळेवर कसं आणणार, हे त्याला सांगता आलं नाही.

नाक्यावर परतलो, तर माणसं माझं अक्षर वाचून हसत होती. आणि मी एकदम चौथीत आहे. आपण शेजारगावाशी हुतुतूचा सामना हरून आलो आहोत, आणि मी शाळेच्या फळ्यावर लिहिलंय की ते लबाडीने जिंकले. तुम्ही ओलं फडकं माझ्या हातात देता. “सामना तू पाहिलास ना? मग गावाच्या तोंडाकडे बघून कशाला लिहितोस?”

मी नाक्यावरचा फळा पुसला. दादाची माणसं धावली. “डोकं फिरलं काय तुझं? उद्यापासून खडूला हात लावायचा नाही!” देवाचं नाव घेतलं आणि म्हातारीचा सवाल होता तसा लिहिला. खाली, ‘उत्तर मिळाले नाही.’ मग खताचा सवाल. त्याखालीही तेच.

गुरुजी, दुसऱ्या दिवशी नाक्यावर पाय ठेवायला जागा नव्हती! खालच्या आळीचीही माणसं आमच्याच फळ्यापुढे, त्यांच्या फळ्यापाशी फक्त एक बकरी. दुपारी दादा स्वतः आला. गर्दी बाजूला झाली. त्याने सगळं वाचलं, माझ्या हातून खडू घेतला आणि म्हातारीच्या सवालाखाली लिहिलं, ‘जाते. आजपासून बंद.’ अक्षर वाईट, पण ओळ सरळ. म्हातारीला कुणीतरी ती मोठ्याने वाचून दाखवली. परवा कोण का जिंकेना, मी देवळात गेलो तर मागायला काही उरलं नव्हतं.

गाव मला शाबासकी देतं, मी ती घेतोही. हे पत्र धाडणार कुठे, पोथीत ठेवून देतो. तुमच्यापाशी तेवढं कबूल करतो, की दादाला त्या संध्याकाळी उत्तर देता आलं असतं, तर दुपारचं लिहिलेलं मी पुसलं नसतं.