पाचव्या फळीवरची डबी

४ जून

ती. मामा व मामी यांस,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं असेल. त्याचं खोकं जाड पुठ्ठ्याचं आहे, तेव्हा मामाने ते आधी बांधणीच्या टेबलाखाली ढकललं असणार हे मला इथे बसून दिसतंय. कृपा करून आतलं सामान बाहेर काढा. ती गेमची नवी मशीन आहे. जुनी चालू केली की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं असं मामी फोनवर म्हणाली, तेव्हापासून मनात होतं.

हिला डिस्क लागत नाही. खेळ दुकानातून सरळ मशीनमध्ये उतरतो. मामाच्या नावाने सगळं जोडून दिलंय, पासवर्ड सोबतच्या कागदावर आहे. आणि एक खेळ मी आधीच घेऊन ठेवलाय, आपला दीपगृहांचा. तोच तो, दोन राखणदार, सतरा बेटं, प्रत्येक बेटावरचा विझलेला दिवा दोघांनी मिळून लावायचा. चित्रं मात्र आता इतकी स्वच्छ आहेत की राखणदाराच्या मिशा मोजता येतात.

म्हणजे यापुढे धूळ नाही, ओरखडे नाहीत, कुणी काय नेलं याची आठवण ठेवायला नको. मामाच्या कपाटाच्या त्या नियमालाही आता सुखाने निवृत्त होऊ दे.

माझं बरं चाललंय. चष्म्याच्या कारखान्यात आता काचेच्या कडा घासायचं काम एकटीवर सोपवलंय. काल एकाच गृहस्थांचा चष्मा या महिन्यात तिसऱ्यांदा आला. तिन्ही वेळा ते स्वतःच त्यावर बसले होते, आणि तिन्ही वेळा दोष खुर्चीचा होता.

मशीन कशी वाटली ते लिहा. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
भिंगरी


१३ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मशीन पोचली. मी तिला उलटी, सुलटी, आडवी, उभी करून दहा मिनिटं डिस्क घालायची फट शोधत होतो. शेवटी मामीने तुझं पत्र पुन्हा वाचून दाखवलं. ज्या पोराला तोंडच नाही त्याला भरवायचं कसं, हा माझा प्रश्न अजून शिल्लक आहे. पासवर्डाचा कागद मी खळ लावून मशीनच्या पाठीवर चिकटवला. मामीच्या मते पासवर्ड असा ठेवत नाहीत. मग दोन दिवसांनी तो तिलाच लागला.

खेळ सुरेख दिसतो, कबूल आहे. पण सुरू करण्याआधी त्याने अटी दाखवल्या आणि खाली मान्य आहे असं दाबायला सांगितलं. मी चाळीस वर्षं ग्रंथालयाच्या बांधणी खात्यात काढलेला माणूस, पान न बघता पुढे कसा जाणार? दोन दुपारी बसून सगळं वाचलं. त्यात चक्क लिहिलंय की हा खेळ तुम्हाला विकलेला नाही, फक्त खेळायची परवानगी दिली आहे, आणि ती आम्ही कधीही काढून घेऊ शकतो. तू मला भेट दिलीस असं तू समजतेस, आणि दुकानवाला समजतो की त्याने मला ओसरीवर बसू दिलंय. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हा खेळ चार दिवस मागितला, तर मी त्यांना काय काढून देऊ?

आता कपाटाच्या नियमाबद्दल. तो तू निवृत्त करायला निघालीस म्हणून आठवण देतो. ग्रंथालयात पुस्तक बाहेर गेलं की त्याच्या जागी आम्ही लाकडी पट्टी उभी करायचो, म्हणजे फळीला कळतं की इथलं कुणीतरी परत यायचंय. घरी पट्ट्या नव्हत्या, म्हणून डिस्क नेणाऱ्याने पत्र लिहून डबीत ठेवायचं असं ठरवलं. डिस्क आत आली की पत्र ज्याचं त्याला परत. या एका नियमामुळे आपल्या घराण्यात लोक अजून हाताने लिहितात.

पाचव्या फळीवर दीपगृहांची डबी आहे. तिच्यात तुझी चिठ्ठी अकरा वर्षं पडून आहे. तू चौदाची होतीस, बाबांची बदली झाली होती, खाली सामानाचा ट्रक उभा होता आणि आपलं एक बेट राहिलं होतं. त्यानंतर तू इथे किती वेळा आलीस, आणि दर वेळी विसरले म्हणत हात हलवत आलीस. आता खेळ हवेतून पाठवला आहेस, तर चिठ्ठी काढू की राहू देऊ? तूच सांग.

मामी आशीर्वाद सांगते. आमच्यावर लोभ आहेच, तो पत्रातून दिसत राहावा.

तुझा,
मामा


१८ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. घाईत लिहितेय, कारखान्यात काम फार आहे. एका शाळेच्या सगळ्या मुलांचे डोळे तपासले आणि निम्म्या शाळेला चष्मे लागले.

चिठ्ठी आहे तिथे राहू दे. डिस्क माझ्या ट्रंकेत आहे, ट्रंक माळ्यावर आहे, आणि माळ्याची शिडी घरमालकीणबाईंनी रंगाऱ्याला दिली आहे. ती आली की बघते. शिवाय अकरा वर्षांत ती डिस्क चालेनाशी झाली असेल, तेव्हा तिच्यासाठी जीव टाकण्यात काय अर्थ? नवा खेळ आहे ना. या रविवारी तू तिथून, मी इथून, नेटवरून शेवटचं बेट खेळून टाकू. म्हणजे तो विषय संपला.

प्रकृतीला जप. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


२६ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मामा डोळ्यांच्या तपासणीला गेलाय तेवढ्यात लिहिते. तो परत येईल आणि तुझ्या व्यवसायाला नावं ठेवेल.

आधी गंमत सांगते. ती मशीन मला आवडली. इतकी वर्षं तुमचे खेळ चालायचे तेव्हा मी भाजी निवडत बसायची आणि ही बाई कसले दिवे लावणार म्हणून तुम्ही मला कंट्रोलर देत नव्हता. तर आता मी सोळा दिवे लावले आहेत. तुझा मामा शिडी धरतो, मी वात पेटवते. मध्ये एकदा त्याने मला समुद्रात पाडलं आणि वर मीच चुकले म्हणाला. सतराव्या बेटाशी आमची नाव लागली तेव्हा मात्र त्याने मशीन बंद केली. ते बेट भिंगरीचं आहे, म्हणाला. रविवारी तू नेटवर वाट बघत होतीस आणि तो मुद्दाम फिरायला निघून गेला, हेही तुला सांगून टाकते.

आता खरं कारण. आम्ही खेळांचं कपाट ग्रंथालयाच्या मुलांच्या खोलीला द्यायचं ठरवलंय. आम्हा दोघांना ही मशीन पुरून उरते, आणि त्या कपाटाने निम्मी खिडकी अडवली आहे. ग्रंथपालबाई बघून गेल्या, हरखल्या. चिठ्ठीचा नियमही त्यांनी कपाटासकट मागून घेतला. हे सगळं तुझ्या हवेतल्या खेळांचं असतं तर आम्ही मुलांना काय दिलं असतं, पासवर्ड?

दहा जुलैला माणसं न्यायला येतील. एकशे तेरा डब्या आहेत. तुझा मामा रोज एक फळी पुसतो, डबी उघडतो, डिस्क बघतो, मिटतो. पाचव्या फळीशी आला की ती एक डबी पुसतो आणि न उघडता परत ठेवतो. पोस्टमन आला की त्याच्या हातातलं पाकीट जाड आहे की पातळ ते आधी बघतो.

ट्रंक शोध, बाळ. आणि ट्रंकेत नसेल तर नाही म्हणून लिही. तुझ्या मागच्या पत्रात एका डिस्कसाठी माळा, शिडी, रंगारी आणि घरमालकीणबाई इतकी माणसं कामाला लागली होती. खरं बोलायला एवढी लागत नाहीत.

तुझ्यावर राग नाही. जेवणवेळा सांभाळ, आणि आम्हाला मनातून उतरवू नकोस.

तुझी,
मामी


२ जुलै

ती. मामा,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलंय.

डिस्क ट्रंकेत नाही. सात वर्षांपूर्वी, वसतिगृहात आले तेव्हा, ती मी जुन्या खेळांच्या दुकानात दिली आणि तिच्या बदल्यात मोटारींच्या शर्यतीची डिस्क घेतली. आमच्या मजल्यावर सगळ्या मुली तीच खेळायच्या आणि मला कुणी त्यांच्यात घेत नव्हतं. दुकानदाराने डबी कुठे आहे असं विचारलं. डबी हरवली असं मी त्याला सांगितलं. खरं तर डबी तुझ्या फळीवर नीट होती, हरवत होती ती डिस्क, आणि ती मी स्वतःच त्याच्या हातात देत होते. शर्यतीचा खेळ पंधरा दिवसांत सगळ्यांना कंटाळवाणा झाला.

त्यानंतर तुझ्याकडे येताना दर वेळी विसरले म्हणत आले. तू एकदाही उलट विचारलं नाहीस, त्यामुळे खरं सांगणं आणखी अवघड होत गेलं. तुझ्यासाठी मशीन घेतली ती तुझ्या मायेपोटी, हे खरंच आहे. पण तोच खेळ त्यात घालून पाठवला तो माझ्यासाठी. खेळ परत पोचला की चिठ्ठी निघेल, आणि मी सुटेन, असं वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं.

मागच्या शनिवारी त्या दुकानाशी जाऊन आले. तिथे आता किल्ल्या बनवून देतात. किल्लीवाल्याने मी सांगितलेलं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की कुलूप कोणत्या बनावटीचं आहे. बाजारात दुसरीकडे हा खेळ मिळाला असता, शोधलाही असता, पण ती आपली डिस्क नसती आणि ती आपली आहे असं मी तुला सांगितलं असतं. म्हणून शोधला नाही.

दहा तारखेच्या आत कळवायला हवं होतं, कळवलं. कपाटात एक डबी माझ्यामुळे रिकामी आहे. मला फार वाईट वाटतंय, मामा. तू मला पुन्हा काही नेऊ दिलं नाहीस तरी चालेल, पण पत्र लिहायचं बंद करू नकोस.

तुझी,
भिंगरी


११ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण मी रागावलो होतो. मामी साक्षीला आहे, दोन दिवस मी तिच्याशीसुद्धा धड बोललो नाही, आणि तिने तर काहीच केलं नव्हतं. डिस्क गेल्याचा राग अर्ध्या तासात गेला. डिस्का यायच्या, जायच्या. ती आता कुणाच्या तरी घरी फिरत असेल, कुणी दोघं दिवे लावत असतील, आणि त्यासाठीच ती बनवली होती. राग टिकला तो रंगाऱ्याच्या शिडीचा. मला आवडलं नाही ते. एवढं लिहून तो विषय मिटवतो.

काल कपाट गेलं. ग्रंथपालबाई स्वतः आल्या होत्या. त्या माझ्यासारख्याच, न बघता काही घेणार नाहीत. एकेक डबी उघडून बघत होत्या. पाचव्या फळीवर आल्यावर त्यांनी सांगितलं की हिच्यात डिस्क नाही, नुसती चिठ्ठी आहे. मी म्हटलं, नेणाऱ्याची आहे. डिस्क कधी येणार असं त्यांनी विचारलं. येणार नाही, असं मी सांगितलं. हे मला मोठ्याने बोलता आलं ते तुझ्या पत्रामुळे, नाहीतर मीही काहीतरी शिडी उभी केली असती. त्यांनी डबी माझ्या हातात परत दिली. रिकामी डबी घेऊन आम्ही काय करू, म्हणाल्या, ही तुमचीच.

आता तू कबुली दिलीस तर मलाही द्यायला हवी. डिस्क परत येईपर्यंत चिठ्ठी कुणी वाचायची नाही हा नियम माझाच. तो मी तुझा ट्रक वळणावर दिसेनासा झाला तेव्हाच मोडला, आणि त्यानंतर दर वर्षी मोडत आलो. तुझ्या लक्षात नसेल म्हणून उतरवून देतो. “मामा, डिस्क मी नेतेय कारण तू माझ्याशिवाय शेवटचं बेट खेळून टाकशील. मी आले की दोघं खेळू. तोवर दिवा लावू नकोस.” खाली तू सहीऐवजी होडी काढली होतीस, ती मला बराच काळ चप्पल वाटत होती.

नियमाप्रमाणे ही चिठ्ठी तुला परत देता येत नाही, कारण डिस्क आलेली नाही. ती डबीतच राहील. तुझं दोन तारखेचं पत्रही घडी घालून मी तिच्यातच ठेवलंय. जो नेतो त्याने लिहून ठेवायचं, एवढंच आपलं म्हणणं होतं. तू सात वर्षांनी लिहिलंस, पण लिहिलंस.

कपाट गेल्यावर खोलीत एवढा उजेड आला की मामीने पहिल्यांदा जळमटं काढली. मी टेबलाशी बसून हिशेब न करता उगीच विचार करत होतो. एकशे बारा खेळ माझे होते, ते दिले. मशीनमधला खेळ दुकानवाल्याच्या मर्जीवर आहे, उद्या तो म्हणेल उठा. घरात माझी म्हणावी अशी एकच डबी उरली, आणि तिच्यात खेळच नाही. पण ती मी कुणाला देणार नाही, डॉक्टरीणबाईंना चार दिवसांसुद्धा नाही.

तर आता ये. नेटवरून नको, मला उंटावरून शेळ्या हाकता येत नाहीत. आमची नाव सतराव्या बेटाशी बांधून ठेवली आहे. मामीने तिचा कंट्रोलर पुसून तुझ्या जुन्या जागेवर, खिडकीखाली ठेवलाय, आणि वात कशी पेटवायची हे ती तुला शिकवणार आहे म्हणे. दुकानवाल्याला परवानगी आठवायच्या आत तेवढा एक दिवा लावून घेऊ.

मामीचे आशीर्वाद. तुझा लोभ आहे हे आता दोन पत्रांवर लेखी आहे, तो असाच असू दे. या वेळी हात हलवत आलीस तरी चालेल.

तुझा,
मामा