साहेबांच्या आजोबांच्या वहाणा

तीर्थस्वरूप नर्मदाअक्का यांस,

कुवेतहून तुमची धाकटी जाऊ प्रेमा हिचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. भाऊजींचा दमा कसा आहे, म्हैस दूध देते का आणि तुमची जीभ कशी चालली आहे ते कळवावे. (पहिल्या दोघांचं काही सांगता येत नाही, तिसरी धडधाकट असणार.) मी इकडे मंगफला सुधीरच्या घरी खाऊनपिऊन बरी आहे, पण पोटात भीतीचा गोळा बसलाय आणि तो कुणापुढे काढायची सोय नाही. फोनवर बोलावं तर सूनबाई तो स्पीकरवर टाकते आणि सगळं घर ऐकतं. म्हणून चौथीपर्यंतचं जेवढं अक्षर उरलंय तेवढ्यात लिहिते. आपल्या शेजारगावचा संग्राम सुट्टीवर निघालाय, त्याच्या हाती पाकीट देईन. भाताच्या शितांनी चिकटवणार आहे. फुटलेलं दिसलं तर त्याचा कान धरा.

झालं असं की सुधीरच्या ऑफिसचे मोठे साहेब आहेत, अबू सालेम म्हणून. त्यांचा वाफ्राला मळा आहे. वाफ्रा म्हणजे वाळवंटात गाडी हाकत हाकत आता हा पोरगा आपल्याला कुठं नेऊन टाकतोय असं वाटायला लागलं की मध्येच हिरवं दिसतं, ते. साहेबांच्या आजोबांनी म्हणे त्या बाजूला पहिली विहीर खणली आणि पहिली काकडी काढली. म्हणून मळ्यातल्या जुन्या शेडमध्ये साहेबांनी त्यांच्या नावाचं छोटं म्युझियम केलंय. (आपल्याकडे विहीर खणली तर तलाठी येतो. इथे म्युझियम होतं.) सगळ्या ऑफिसला घरच्या माणसांसकट बोलावणं होतं. वाटेत सुधीर दर सिग्नलला सांगत होता, "आई, तिथं कशाला हात लावू नकोस. साहेबांच्या सहीशिवाय माझा इकामा पुढं सरकत नाही." इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना. तो नसला की नोकरी, फ्लॅट, नात अंतराची शाळा, सगळं गुंडाळून विमानात. हाताचं त्यानं पुष्कळ सांगितलं, पायांचं काही बोलला नाही.

म्युझियम म्हणजे काय, आपण भंगारवाल्याला देतो ते सगळं दिव्याखाली मांडलेलं. पोचे आलेले हंडे, पोहरा, उंटाचं खोगीर, बटण नसलेला रेडिओ. एका कोपऱ्यात काळा तंबू, त्यात चटई आणि चटईवर जातं. अक्का, अगदी आपल्यासारखं जातं! आणि तो दिवस नेमका खंडेनवमीचा. तोंडात धूळ भरलेली, खुंटा वाकडा, आणि त्या बिचाऱ्याला वर्षाच्या दिवशी कुणी कुंकवाचं बोटही लावलेलं नाही. जातं अरबाचं असलं म्हणून काय झालं, दाणे दळलेच असतील ना त्यानं? सगळे साहेबांचं विहिरीवरचं भाषण ऐकत बाहेर उभे होते. मी वहाणा काढल्या, बसले, कमरेची डबी सोडली आणि हळदकुंकू वाहून हात जोडले.

तेवढ्यात कुणीतरी खोकलं. वळून बघते तर तंबूच्या कडेला काळ्या कपड्यांचं जे गाठोडं मी मघापासून म्युझियमचंच समजत होते, त्याला दोन डोळे होते आणि ते माझ्याकडे बघत होते. साहेबांची आई, लैला! पदरानं कुंकू पुसलं, वहाणांत पाय खुपसले आणि जी निघाले ती थेट गाडीत जाऊन बसले. सूनबाई म्हणाली, "आई, घाम आलाय तुम्हाला." म्हटलं, ऊन आहे. गाडीत एसी एवढा होता की माझे दात वाजत होते.

मंगफला येऊन दारात वहाणा काढल्या, तर अंगठ्यावरच्या पट्ट्यावर हिरव्या लाल दोऱ्याची फुलं! आपला कऱ्हाडचा चांभार फुलं काढत नाही, त्याचा स्वभावच नाही तो. चटईच्या काठाला साहेबांच्या आजोबांच्या वहाणा मांडून ठेवल्या होत्या, म्हातारा आत्ताच काढून आडवा झाल्यासारख्या. त्या घालून मी आले होते, आणि माझ्या तिथं राहिल्या होत्या. (माझा पाय बाप्यासारखा आहे असं तुम्ही माझ्या लग्नात चारचौघींत म्हणाला होता. घ्या, खरं ठरलं.)

त्या दिवसापासून माझी झोप गेली. वहाणा पिशवीत बांधून कपडे धुवायच्या मशीनमागे सारल्यात. सूनबाईला सांगितलं, माझ्या तुटल्या, टाकल्या. बेल वाजली की माझं काळीज आधी दाराशी जातं, मी मागून जाते. खाली पोलिसांची गाडी थांबली होती, ती वेडीवाकडी लावलेली मोटार उचलायला आली होती, पण मी तेवढ्यात सगळी स्तोत्रं म्हणून संपवली. बिल्डिंगचा राखणदार मी लिफ्टमधून उतरले की आधी पायांकडे बघतो. साहेबांच्या घरची चोरी, तीही त्यांच्या पूज्य आजोबांची, आणि चोर कोण, तर सुधीरची आई! त्यात सुधीर रोज घरी येऊन म्हणतो, इकाम्याचा कागद साहेबांच्या टेबलावर पडलाय, सही होत नाही. मी ताटातला घास ताटात ठेवून उठते. पोराला सांगावं तर तो भित्रा, स्वतःच साहेबांपुढे जाऊन रडेल. बापावर गेलाय.

आणि काल साहेबांचा फोन आला. सुधीर उभं राहून बोलला (फोनवर!). ठेवल्यावर म्हणाला, "आई, साहेबांच्या आईनं तुला शुक्रवारी परत बोलावलंय. मुद्दाम तुलाच. काही केलंस का तू तिथं?" मी म्हटलं, मी काय करणार बाबा, मला कुठं बोलता येतं त्यांचं. पण अक्का, त्या बाईनं सगळं पाहिलंय.

उद्या शुक्रवार. मला विमानात घालून परत धाडलं तर गावात सांगा की प्रेमाचे गुडघे तिकडच्या हवेला मानवले नाहीत. सुधीरचं तिकडचं बिऱ्हाड मोडलं तर सांगा की पोरगा आईच्या सेवेसाठी आला. हसायचं ते आत जाऊन हसा.

तुमची,
प्रेमा

ता. क. जाऊन आले. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून लिहिते. पिशवी पदराखाली पोटाशी बांधून गेले, या वयात लोकांनी काय समजायचं ते समजो. बघते तर साहेब कुणा पाहुण्यांना काठीनं माझ्या वहाणा दाखवत होते. पाहुणे फोटो काढत होते. अंतरानं सांगितलं, "आजी, त्यांचे ग्रँडफादर या घालून समुद्रापासून इथपर्यंत चालत आले, वाटेत उंटही मेला." त्या घालून मी परसात शेण काढलंय.

मग लैलाबाईनं माझा हात धरला आणि आत नेलं. तिला हिंदी येतं, दुकानदारांशी आणि नर्सांशी बोलून शिकली असेल. म्हणाली, "चप्पल लाया?" मी पिशवी तिच्या पुढ्यात टाकली आणि म्हटलं, गलती हो गया बाई, मेरे बेटे को मत निकालो. ती हसायला लागली. तोंडावरचं कापड हलायचं थांबेना. "रो मत. ये भी उसका नहीं है." अक्का, तिचा सासरा जन्मभर अनवाणी फिरला! तापल्या वाळूवर, विहिरीत, लग्नातसुद्धा. पण तिच्या लेकाला, म्हणजे साहेबांना, ते बरं दिसेना, एवढा मोठा माणूस आणि नंगा पाँव? म्हणून हिनंच बाजारातून जोड आणला, मातीत घासला आणि ठेवून दिला. माझ्या वहाणा उचलून म्हणाली, "तेरा अच्छा है. ज़्यादा पुराना. ज़्यादा गरीब." मग उलट्या केल्या. तळाला ट्रकचा टायर, त्यावर कंपनीची अक्षरं. आम्ही दोघी त्याकडे बघत बसलो. उंटाच्या काळातला म्हातारा आणि पायात टायर! सध्या तिनं त्या चटईला शिवून टाकल्यात, साहेबांनी उचलू नयेत म्हणून. इकाम्याचं विचारलं तर म्हणाली, सही मी सांगते तेव्हा होते. हे आपुलकीनं म्हणाली की कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसरा ता. क. आता खरं काम. माळ्यावर लोखंडी पेटीमागे तुमच्या दिराच्या जुन्या वहाणा आहेत, चामड्याच्या तळव्याच्या, डाव्या टाचेला झिजलेल्या. संग्राम परत येताना त्याच्याबरोबर धाडा. तेल लावू नका, पुसू नका, कोळिष्टकं असतील तर राहू द्या. संग्रामला सांगा औषध आहे. माणूस जन्मात इस्लामपूरच्या पुढं गेला नाही, आता वाळवंट तुडवल्याचं नाव होईल. माझी धडकी गेलेली नाही, फक्त आता पकडलं तर दोघींना पकडतील.

आणि हे पत्र वाचून चुलीत घाला. इकडे लोक काहीही काचेत ठेवतात.