वरच्या बाईंचा ट्रे

...आणि ट्रे गुडघ्यावर तोलून एका हाताने किल्ली शोधत होतो, तेवढ्यात वरचं फडकं सरकलं आणि मला दिसलं की आतलं जेवण माझं नाही.

ताई, पत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला ठाऊक आहे. आधी मोठ्यांना नमस्कार, मग तब्येतीची चौकशी, मग आपलं रडगाणं, हा क्रम तूच मला शिकवलास. पण वरचं वाक्य आधी लिहून टाकलं नसतं तर ते लिहिलंच गेलं नसतं. तेव्हा क्रम आता सुधारतो. तुला साष्टांग नमस्कार, भाऊजींनाही. त्यांचा गुडघा कसा आहे? हवा गार झाली की तो बोलायला लागतो. पट्टा बांधून बसा म्हणावं. तुझा नवा चष्मा नाकावरून घसरत असेल तर दांड्या गरम पाण्यात बुडवून टोकाशी जरा वळव. (जोर लावू नकोस. दांडी तुटली तर तुझ्या भावालाही काही करता येत नाही.) इकडे मी बरा आहे. निदान दुपारपर्यंत होतो.

आज तुझी भाची आणि जावई जेवायला यायचे होते. (एरवी ती माझी मुलगी असते. आज तुझी भाची.) कशासाठी ते तुला माहीत आहे. तुझी भावजय गेल्यापासून तिच्या डोक्यात बसलंय की मला एकट्याला राहता येत नाही. मागे एकदा तिने माझं फडताळ उघडलं. आत बिस्किटं होती आणि त्यांच्यामागे आणखी बिस्किटं होती. ती रडली नाही, ओरडली नाही, नुसती खाली बसली. मग म्हणाली, "बाबा, एकदा मला स्वतःच्या हाताने केलेलं जेवण वाढून दाखवा. मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाहीतर मुकाट्याने आमच्याकडे या." त्यांच्या स्वयंपाकघरामागे एक खोली आहे. खोली वाईट नाही. पलंग आहे, दिवा आहे, खिडकीही आहे. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची भिंत आहे. भिंगं घासायचं माझं टेबल तिथे मावत नाही, मी मोजून आलोय. दुकान सोडलं तरी गल्लीतली माणसं अजून चष्मा घेऊन माझ्याच दारात येतात. दांडी सैल झाली, काचेवर ओरखडा पडला. बसतात, दोन गोष्टी बोलतात, जातात. त्या खोलीत कोण येणार? तेव्हा आजचं जेवण म्हणजे नुसतं जेवण नव्हतं. ते माझं घर होतं.

तू फोनवर कृती सांगितलीस. सॉसेज, सफरचंद, भोपळा, कांदे. कापायचं, ट्रेमध्ये पसरायचं, तेल-मीठ लावायचं, भाजायचं. सगळं एकाच भांड्यात, चुकायला जागाच नाही, असं तू म्हणालीस. तू मला पाळण्यात असल्यापासून ओळखतेस. असं म्हणायला नको होतंस.

भोपळ्यात सुरी गेली ती बाहेर येईना. मी सुरी उचलली तर भोपळाही वर आला. तसाच फरशीवर आपटला, तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले, एक मोठा आणि एक फारच मोठा. कांद्यांची सालं काढायची असतात हे मला माहीत आहे, पण तू 'कांदे' म्हणालीस, 'सोललेले कांदे' म्हणाली नाहीस, आणि मला वाटलं भाजल्यावर सालं आपोआप गळतील. सॉसेज एकमेकांना जोडून येतात. मला ती माळ छान दिसली, मी ती तशीच गोल ठेवली. सफरचंदं अख्खी. एकूण ट्रेकडे पाहून मला बरं वाटलं, हे तुला कळावं म्हणून लिहितो. मी खरंच मन लावून केलं होतं.

माझा ओव्हन गेल्या वर्षभरापासून तापतच नाही. (तो कधी बिघडला ते मला नंतर कळलं, यावरून काय ते समज.) पण आमच्या इमारतीच्या तळाशी बेकरी आहे. रविवारी पाव निघाले की भट्टी निवायला बराच वेळ जातो, तेव्हा बेकरीवाला शेजाऱ्यांचे ट्रे आत सरकवू देतो. पानगळीचे हे दिवस. सफरचंदं आणि भोपळे उतू चाललेत, त्यामुळे सगळी गल्ली हेच जेवण करते. ट्रे सगळ्यांचे सारखे, कारण कोपऱ्यावरचा भांडीवाला एकच प्रकार ठेवतो. आपला ट्रे ओळखायचा तो वरच्या फडक्यावरून. माझ्या ट्रेवर पिवळं फडकं होतं. दुकान बंद केलं तेव्हा काउंटर पुसायची पिवळी फडकी उरली होती, ती मी ओळखीच्या लोकांना वाटून टाकली होती. कोणाकोणाला वाटली ते आज दुपारी आठवलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तर किल्ली शोधताना फडकं सरकलं. भोपळ्याच्या फोडी अशा की एकीवर दुसरी ठेवली तर कड बाहेर येणार नाही. सफरचंदाच्या चकत्या, कडेला सोनेरी. सॉसेज सुटी, प्रत्येकाला तिरक्या चिरा. आणि मधेमधे कसलीतरी बारीक हिरवी पानं. मी कुठलं पान घातलंच नव्हतं. हा ट्रे वरच्या मजल्यावरच्या बाईंचा, हे मला त्याच क्षणी कळलं. त्या इस्पितळात मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना मेट्रनबाईच म्हणतात, आणि चादरीची घडी असो वा भोपळ्याची फोड, त्यांच्या हातून वाकडी निघत नाही. खाली जाऊन बदलून आणायला वेळ होता. पाय वळलेही होते. पण जिन्यातून तुझी भाची वर येत होती. तिने मान वर केली, नाक वर केलं, आणि म्हणाली, "बाबा! हे तुम्ही केलंत?"

मी "हो" म्हणालो. ताई, एवढंच. एका अक्षराचं काम.

जावई लिफ्ट तपासण्याचं काम करतात, त्यामुळे कुठल्याही खोलीत शिरले की आधी छताकडे बघतात. आजही पाहिलं. मग बसले आणि जेवायला लागले ते मान खालीच. हा माणूस जेवताना बोलत नाही, न आवडल्यास न बोलता थांबतो. आज थांबला नाही. तुझी भाची मात्र घासागणिक चौकशी करत होती. सॉसेजला चिरा कशाला? मी म्हणालो, वाफ जायला. भोपळा इतका सारखा कसा कापला? मी म्हणालो, जन्मभर भिंगं घासली, हाताला सवय आहे. (हे सांगताना मला थोडा अभिमानही वाटला. खोटं बोलण्यात इतकी गोडी असते हे कोणी सांगितलं नव्हतं.) आणि हे पान कसलं? मी म्हणालो, ते तुझ्या आत्याचं गुपित आहे. तेव्हा तिने विचारलं तर तू आपली काहीतरी सांग. शेवटी जावयांनी पावाच्या तुकड्याने ट्रेचा कोपरा पुसला आणि म्हणाले, "बाबांचं झकास चाललंय की. उगाच काय मागे लागतेस?" तिने माझ्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, संपलं. घर राहिलं.

तेव्हा बेल वाजली.

दारात मेट्रनबाई. हातात माझा ट्रे, वर पिवळं फडकं. "अहो, खाली घोटाळा झालाय," एवढंच त्या बोलल्या असतील. पुढचं वाक्य मी त्यांना बोलूच दिलं नाही. "या, या! चव बघायला आणलंत? कशाला एवढा त्रास!" असं म्हणत मी ट्रे त्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतला. जरा डोकं चालवलं असतं तर तो स्वयंपाकघरात नेला असता. मी तो टेबलावर, तुझ्या भाचीच्या पुढ्यात ठेवला. आणि तिने, चांगल्या वळणाची मुलगी, पाहुणीचा मान म्हणून फडकं उचललं.

कांद्याची सालं गळली नव्हती. जळून चिकटली होती. भोपळ्याच्या मोठ्या तुकड्यात बिया होत्या, फारच मोठ्या तुकड्यात त्याहून जास्त. सॉसेजची माळ आखडून मधोमध गाठीसारखी झाली होती. आणि सफरचंदांवर, ताई, प्रत्येक सफरचंदावर फळांच्या दुकानाचा तो छोटा कागदी शिक्का चिकटलेला होता. भाजून तपकिरी झालेला, पण अक्षरं वाचता येत होती. मी, ज्याने भिंगातला केसाएवढा ओरखडा जन्मभर शोधला, मला ते दिसले नव्हते.

 मग तुझी भाची, वयस्कर माणसांशी बोलताना आवाज चढवतात तसा चढवून, पण फार मायेने म्हणाली, "मावशी, हल्ली तुम्हाला नीट दिसतं ना?"

बाईंनी टेबलाकडे पाहिलं. पुसून लख्ख झालेला त्यांचा ट्रे, तीन ताटं, जावयांच्या हातातला पाव. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चष्मा मी गेल्याच महिन्यात करून दिलाय. स्वच्छ, अचूक काम. माझ्याच भिंगांतून त्या मला बघत होत्या आणि त्यांना सगळं दिसत होतं. त्यांनी एक शब्द बोलायचा अवकाश होता. त्या म्हणाल्या, "दिसतं गं. आज जरा घाई झाली." आणि वळून जिना चढून गेल्या. रिकाम्या हाताने. त्यांचं जेवण आम्ही खाल्लं होतं आणि माझं कोणालाच खाता येण्यासारखं नव्हतं.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. दार लावल्यावर तुझी भाची म्हणाली, "बाबा, चष्मा तर तुम्हीच केलात ना त्यांचा? मग?" आता बघ, मी काय म्हणालो. मी म्हणालो, "चष्म्यालाही मर्यादा असते. वय झालंय त्यांचं." असं म्हणून मानही हलवली. चष्म्यात दोष नाही, डोळ्यांत नाही, वयात तर नाहीच. त्या बाई आजही पाण्याची बादली घेऊन जिना चढतात आणि मी वाटेत दोनदा टेकतो. पण वाक्य तोंडातून गेलं. आणि ते तुझ्या भाचीने फार मनावर घेतलं. मेट्रनबाईंचा मुलगा शाळेत तिच्याच वर्गात होता. तो आईला आपल्या गावी न्यायला केव्हाचा टपलाय. बाई मला जिन्यात म्हणाल्याही होत्या, "त्याला एक निमित्त पुरे आहे, मी ते देत नाही." ते निमित्त आज माझ्या टेबलावर होतं, शिक्क्यांसकट. "मी उद्या सकाळी त्याला फोन करते," तुझी भाची म्हणाली. "बिचारीला काही झालं तर? कोणीतरी लक्ष द्यायला हवं." मी म्हणायला हवं होतं ते म्हणालो नाही. मी म्हणालो, "बघ बाई, तुला योग्य वाटेल ते कर."

जाताना तिने मला मिठी मारली. म्हणाली, "मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता." ते गेल्यावर मी खुर्चीत बसलो. वरून नेहमी पावलांचा आवाज येतो. आज फक्त कपाट उघडल्याचा आला. बिस्किटं शोधत असतील.

असो. इकडचं हे असं. भाऊजींना जपायला सांग, तूही जप. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. (आशीर्वाद देण्याची माझी लायकी आज नाही, पण त्याशिवाय पत्राचा शेवट मोकळा वाटतो म्हणून लिहिलं.)

तुझा धाकटा

ता. क. एक काम होतं. उद्या सकाळी तू तुझ्या भाचीला फोन करून सगळं सांगशील का? तू आत्या आहेस, तुझं ती ऐकते. मी सांगायला लागलो की तिचा चेहरा दिसतो, फोनवरसुद्धा. फार सविस्तर नको. ट्रे बाईंचा होता, शिक्के माझे होते, एवढं पुरे. मी मान हलवल्याचा प्रसंग वगळलास तरी चालेल.

दुसरा ता. क. हे पत्र तुला पोचेपर्यंत आठवडा उलटेल. तोवर तिचा फोन झालेला असेल आणि बाईंचं सामानही हललेलं असेल. हे मला पत्राला बसतानाच माहीत होतं. माझा फोन इथे कोपराशीच आहे.

तिसरा ता. क., सकाळी. पाकीट चिकटवलं नव्हतं. उजाडताच वर गेलो. बाईंनी दार उघडलं आणि मी बोललो तेवढं सगळं दारातच ऐकून घेतलं. बसा म्हणाल्या नाहीत. "मला सांगून काय उपयोग?" म्हणाल्या आणि आतला फोन उचलून माझ्या हातात दिला. तुझ्या भाचीने त्यांच्या मुलाला अजून कळवलं नव्हतं. आता कळवणार नाही. मी तिला मानेचंही सांगितलं.  ती म्हणाली, शनिवारी येते, तुमचं सामान भरायला खोकी घेऊन. मी बरं म्हणालो.